विज्ञानाची शिष्यवृत्ती आणि व्यापाऱ्याचा हिशेब

घोडेगाव सोडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की काही वेळात डिंभे धरणाची भिंत दृष्टीस पडते. घोड नदी अडवून झालेल्या या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ गाव याच पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. सुमारे साडेतेरा टीएमसी साठवणीचे हे धरण कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक. माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही उरलेली चार जुन्नर तालुक्यात आहेत. या पाण्यावर खालच्या भागात ऊस, कांदा, टोमॅटो पिकतो, आणि त्या पिकांवर मंचर, नारायणगाव येथील पेठा चालतात. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची दुकाने आणि आडती याच पेठांमध्ये आहेत.

डिंभ्याचे पाणी जसे खाली वाहत जाते, तशी तेथील मुलेही शिकण्यासाठी खाली येतात. आधी घोडेगाव, मग मंचर, पुढे पुणे. दुकानदाराचा मुलगा असो वा महादेव कोळी शेतकऱ्याची मुलगी, वाट तीच. मंचरला रयत शिक्षण संस्थेचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय आहे. त्याच्या विज्ञान विभागास बाबू गेनूंचेच नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवा होऊन प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. आणि रयत संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन घराण्यातले, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. मात्र त्या संस्थेच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्यास केंद्र सरकारची वर्षाला ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळू शकते, हे किती घरांत ठाऊक आहे, याबद्दल मला शंका आहे.

या योजनेचे नाव इन्स्पायर. भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ती २००८ च्या डिसेंबरात सुरू केली. बारावीनंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र, संख्याशास्त्र, भूशास्त्र, खगोलशास्त्र अशा मूलभूत विज्ञानाच्या विषयांत बी.एस्सी. किंवा एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्यांसाठी ती आहे. आपापल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात बसणारा विद्यार्थी तिला पात्र ठरतो. वर्षाला ६०,००० रुपये विद्यार्थ्याच्या हाती येतात आणि २०,००० रुपये उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या संशोधकाच्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करण्यासाठी असतात. पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षे धरली, तर ही रक्कम ४ लाखांवर जाते.

येथे दोन गोष्टी थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही, की वरचा एक टक्का मंडळवार काढला जातो. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची तुलना राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांशीच होते; दिल्लीच्या मंडळाच्या गुणांशी त्याचा संबंध येत नाही. घोडेगावात मराठी माध्यमातून दहावी होऊन आलेल्या मुलीस हा मोठाच दिलासा आहे. दुसरी गोष्ट आपल्या घरांसाठी अधिक महत्त्वाची. या शिष्यवृत्तीस कौटुंबिक उत्पन्नाची अट नाही. जैन समाजास २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. तेव्हापासून ज्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज आपल्याकडे भरले जातात, त्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. त्यामुळे ‘आपले विवरणपत्र भरलेले असते, आपणांस काय मिळणार’ असे म्हणून व्यापारी कुटुंबे शिष्यवृत्तीच्या वाटेसच जात नाहीत. इन्स्पायरमध्ये मात्र वडिलांच्या दुकानाची उलाढाल कोणी विचारीत नाही. जे मिळते ते गुणवत्तेचे मानधन असते. त्यास मदत समजून संकोचण्याचे कारण नाही.

मी स्वतः वाणिज्य शाखेचा. जमाखर्चातच हयात गेली, त्यामुळे सी.ए. किंवा एम.कॉम.विषयी माझ्या मनात अनादर असण्याचे कारण नाही. तरी बँकेत शैक्षणिक कर्जाचे अर्ज पाहताना एक गोष्ट लक्षात येत असे. अभियांत्रिकी, वैद्यक आणि व्यवस्थापन यांचे अर्ज ढिगाने येत. शुद्ध गणित किंवा भौतिकशास्त्र शिकण्यासाठी आलेला अर्ज क्वचितच दिसे. शुल्क कमी असल्याने कर्जाची गरज पडत नसेल, हे एक कारण. परंतु खरे कारण पालकांच्या मनातील प्रश्नात आहे: बी.एस्सी. करून पुढे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर डिंभ्याहून दीडेक तासाच्या वाटेवर उभे आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही महाकाय दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती साकारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी एकत्र आणि १६ तीन बाहूंवर सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. डोंगरांच्या आडोशामुळे शहरांतील रेडिओ गोंगाट येथवर कमी पोहोचतो, हे ही जागा निवडण्याचे एक कारण. पुणे-नाशिक रेल्वेच्या मूळ आखणीस या दुर्बिणीमुळे अडथळा आला, तेव्हा पेठेत तिच्याविषयी बरेच कडवट बोलले गेले. रेल्वे हवी हे खरेच. मालाची ने-आण करणाऱ्यास तिचे मोल कोणी शिकवावयास नको. पण जगभरातील खगोलशास्त्रज्ञ ज्या उपकरणावर वेळ मिळावा म्हणून अर्ज करतात ते आपल्या शिवारात आहे, याचीही नोंद त्या बोलण्यात असावयास हवी होती. २०२३ च्या जूनमध्ये अतिशय मंद कंपनांच्या गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगातील अनेक गटांनी एकाच वेळी मांडले. त्यात भारतीय गटाने वापरलेली निरीक्षणे खोडदच्या दुर्बिणीची होती. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे प्रदर्शन भरते आणि सामान्य जनतेस प्रवेश मिळतो. गाळे एक दिवस नोकरांवर सोपवून मुलांना तेथे नेण्यास हरकत नसावी.

व्यापारी घराणे आणि मूलभूत विज्ञान यांचे सूत जुळत नाही, असा आपलाच एक समज आहे. तो खोडून काढण्यास विक्रम साराभाईंचे नाव सर्वजण घेतात; पण त्यांच्यामागे अहमदाबादच्या गिरण्या होत्या. मला त्याहून बोलके उदाहरण वाटते ते दौलतसिंह कोठारी यांचे. १९०६ मध्ये उदयपूरच्या जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले, घरची स्थिती बेताची. मुलाची हुशारी पाहून मेवाडच्या महाराणांनी दरमहा ५० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारे ते अलाहाबादला मेघनाद साहांकडे भौतिकशास्त्र शिकले आणि पुढे केंब्रिजला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गेले. स्वतंत्र भारतात ते संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. आज आपण ज्यास कोठारी आयोग म्हणतो, तो १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोग त्यांच्याच अध्यक्षतेखालचा. दरमहा ५० रुपयांवर एवढा परतावा देणारी गुंतवणूक माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

विज्ञानासाठी हुशार मुले वेचून काढण्याचा सरकारी प्रयत्नही जुना आहे. १९६३ मध्ये दिल्लीपुरत्या अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनी राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू झाली; पुढच्याच वर्षी ती देशभर नेऊन ३५० शिष्यवृत्त्या ठेवल्या गेल्या. त्या केवळ मूलभूत विज्ञानासाठी होत्या. १९७६ मध्ये योजनेचे रूप पालटले, समाजशास्त्रे, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांनाही दार उघडले. ते न्याय्य होते. परंतु विज्ञानासाठी राखलेली जागा त्यात गेली. १९९९ मध्ये किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली, ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली. म्हणजे पदवीच्या पातळीवर विज्ञानापुरता विचार करणारा मोठा सरकारी दरवाजा आज मुख्यतः एकच उरला आहे. आठवीतील मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आहे. तिच्यातून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिला उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि डिंभे परिसरातील अनेक मुले तीत बसतील. आपल्या दुकानात काम करणाऱ्याच्या मुलास ती माहीत आहे का, हे विचारावयास दोन मिनिटे लागतात.

इन्स्पायरच्या अर्जात कोठे घोटाळा होतो तेही सांगितले पाहिजे. बी.एस्सी. हा शब्द पाहून सर्व अभ्यासक्रम चालतात असा समज करून घेऊ नये. संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान आणि कृषी या बी.एस्सी. तीत बसत नाहीत. आपल्या भागात कृषी पदवीकडे ओढा असल्याने ही नोंद विशेष आवश्यक. बारावी झालेल्याच वर्षी पदवीस प्रवेश घ्यावा लागतो. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष थांबून मग बी.एस्सी.कडे वळणारी मुले इथेच बाद होतात, आणि अशी मुले हुशार घरांतच अधिक. पात्रतेचे पत्र मंडळाकडून येते किंवा मंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. ते गुणपत्रिकेइतके जपून ठेवावे. प्राचार्यांच्या सहीचे प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यातच लागते. खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर असावे, वडिलांच्या पेढीच्या चालू खात्याचा क्रमांक देऊ नये. त्या त्या वर्षीची सूचना वाचूनच अर्ज भरावा, कारण तपशील बदलू शकतात.

आणि सर्वांत मोठी अडचण पैशाच्या वेळेची. शिष्यवृत्ती दरमहा येत नाही. दुसऱ्या वर्षापासून आधीच्या वर्षाचा निकाल आणि प्रकल्पाचा अहवाल सादर झाल्यावर, किमान गुणांची अट पाळली असेल तर, रक्कम जमा होते. खोलीचे भाडे आणि खाणावळ मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस मागतात. शिवाय २००८ साली ठरलेले ८०,००० आज तेवढे वजन राखून नाहीत. व्यापाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. येणे पक्के असले तरी खेळते भांडवल लागते. संपन्न घरे ते भागवतात. छोट्या किराणा दुकानदाराच्या मुलीच्या बाबतीत मात्र नेमके याच ठिकाणी ‘तालुक्यालाच बी.कॉम. कर’ असे ठरून जाते.

ही फट भरून काढणे समाजाच्या आवाक्यातले आहे. परतफेडीच्या शिष्यवृत्तीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जमशेटजी टाटांचा उच्च शिक्षणाचा निधी १८९२ चा. त्यातील रक्कम ऋण म्हणून दिली जाते. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले ते टाटा शिष्यवृत्तीवर. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने शिकू इच्छिणाऱ्या पिढ्यांना राहण्याची सोय दिली. त्या मानाने आपले प्रश्न लहान आहेत. इन्स्पायर मंजूर झालेल्या विद्यार्थ्यास दरमहा ५,००० रुपये बिनव्याजी उचल द्यावयाची आणि सरकारी रक्कम जमा झाली की ती परत घ्यावयाची, एवढेच. १० विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ६ लाख रुपये लागतील, आणि ते बहुतांशी फिरून परत येतील. एका गुणवंत सत्कार समारंभाच्या मंडपाचा, भोजनाचा आणि स्मृतिचिन्हांचा खर्च मांडून पाहावा. तुलना करणे अवघड जाणार नाही.

असे सत्कार जून-जुलैमध्ये होतात, म्हणजे प्रवेश चालू असताना आणि अर्ज भरण्यापूर्वी. यंदा शाल-श्रीफळाबरोबर विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पात्रतेच्या पत्राविषयी विचारावे, आणि व्यासपीठाशेजारी एक टेबल मांडून तेथे अर्ज समजावून देणारा माणूस बसवावा. घोडेगाव, मंचर, नारायणगाव या तिन्ही ठिकाणी निवृत्त शिक्षक आणि बँकेतील मंडळी आहेत. मंचरच्या टेबलाशी बसण्याची माझी तयारी आहे.