मेण शुद्ध की भेसळयुक्त? एका आकड्यावर ठरवू नका

आज मधमाशीच्या मेणाबद्दल. वस्तू अगदी साधी, पण रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात 'रेफरन्स सॅम्पल' नावाचा जो धडा असतो, तो या मेणावरून फार लवकर कळतो.

मेण येतं कुठून?

कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. साधारण १२ ते १८ दिवसांची माशी त्यातून मेणाचे पातळ पापुद्रे सोडते, चावून मऊ करते आणि पोळं बांधते. रासायनिकदृष्ट्या मेण म्हणजे शेकडो घटकांचं मिश्रण. त्यात सर्वात मोठा वाटा एस्टरचा, मग हायड्रोकार्बन आणि मोकळी फॅटी ॲसिड्स.

गुणधर्म आणि रोजचा वापर

आजीच्या करंड्यातली मेणाची डबी आठवा. आधी कपाळावर मेणाचं बोट, मग त्यावर पिंजर. मेण साधारण ३५ अंशांना मऊ पडतं, पण वितळतं ६२ ते ६५ अंशांना. म्हणून बोटाच्या उबेने ते पसरतं, पण उन्हात कपाळावरून ओघळत नाही. पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे घामानेही निघत नाही.

बाकीचे उपयोग याच गुणांतून येतात. चामडं शिवायचा दोरा मेणावरून ओढला की पाणी धरत नाही आणि सहज सरकतो. लाकडाचं पॉलिश, मलम, लिप बाम यांतही मेण असतं. मूर्ती ओतायची जुनी पद्धत तर मेणावरच उभी आहे: मेणाची प्रतिकृती करायची, वरून माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात ही कृती दिलेली आहे.

भेसळ झाली तर बिघडतं काय?

मेण महाग, पॅराफिन स्वस्त. त्यामुळे भेसळ होते. लिप बाममध्ये पॅराफिन गेलं तर पैशाचं नुकसान. पण मेणाचा मोठा ग्राहक खुद्द मधमाशीपालक आहे. पेटीतल्या चौकटीत तो मेणपत्रा बसवतो आणि माश्या त्यावर घरं बांधतात. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये स्टिअरिनची भेसळ असलेल्या मेणपत्र्यांवर अळ्या मरत असल्याचं आढळलं. आमच्या नामपूर-सटाणा पट्ट्यात डाळिंबाच्या बहरात परागीभवनासाठी पेट्या ठेवतात. पेटीतली अळीच जगली नाही, तर पुढे फुलांवर जायला माश्या कुठून येणार?

आता खरा प्रश्न: ओळखायचं कसं?

वितळणबिंदू पुरेसा नाही, कारण काही पॅराफिनही ६०-६५ अंशांनाच वितळतं. म्हणून ॲसिड व्हॅल्यू काढतात. म्हणजे १ ग्रॅम मेणातली मोकळी आम्लं उदासीन करायला किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं ते. युरोपीय मधमाशी एपिस मेलिफेरा, तिच्या मेणाची ॲसिड व्हॅल्यू साधारण १७ ते २२ आणि एस्टर व्हॅल्यू ७० ते ८०. पॅराफिनची दोन्ही शून्य.

समजा, तीन नमुने आले:

- नमुना क: ॲसिड ७, एस्टर ८५
- नमुना ख: ॲसिड ७, एस्टर २६
- नमुना ग: ॲसिड २०, एस्टर जवळजवळ ०

नुसती ॲसिड व्हॅल्यू पाहिली तर क आणि ख नापास, ग पास. प्रत्यक्षात क आणि ग च्या बाबतीत बरोबर उलटं!

ख मध्ये ३५ टक्के मेण, बाकी पॅराफिन. हिशोब करा: २० चे ३५ टक्के ७, आणि ७५ चे ३५ टक्के साधारण २६. पॅराफिन दोन्ही आकडे एकाच प्रमाणात खाली ओढतं. ग मध्ये तर मेण नाहीच. ९० टक्के पॅराफिन, १० टक्के स्टिअरिक ॲसिड. स्टिअरिकची ॲसिड व्हॅल्यू २०० च्या आसपास, त्यामुळे १० टक्क्यांत २० चा आकडा आपोआप जमतो.

आणि क? ते शुद्ध मेण, पण आग्या माशीचं. आपल्या आग्या, सातेरी आणि फुलोरी माश्यांच्या मेणात मोकळी आम्लं मुळातच कमी असतात. ॲसिड व्हॅल्यू साधारण ५ ते १०. म्हणजे कड्यावरून पोळं काढणाऱ्या माणसाचं चोख मेण, मेलिफेराची पट्टी लावली की 'भेसळयुक्त' ठरतं.

संशोधनासाठी यातून काय घ्यायचं?

एक, प्रमाण आकडा कोणत्या नमुन्यांवरून ठरला ते आधी वाचा. नमुना घेताना माशीची जात, ठिकाण आणि महिना वहीत लिहा. हे नंतर कुठल्याच यंत्रातून मिळत नाही.

दोन, स्वतंत्र गुण मोजणाऱ्या निदान दोन चाचण्या करा. शंका उरली तर गॅस क्रोमॅटोग्राफी. मधमाशीच्या मेणातल्या हायड्रोकार्बनमध्ये २७, २९, ३१ अशा विषम कार्बन संख्येचे जास्त असतात. पॅराफिनमध्ये सम आणि विषम दोन्ही भरपूर.

तीन, टायट्रेशन द्रावण गरम असतानाच करा. थंड झालं की मेण बाहेर पडून गोठतं आणि आकडा चुकतो.

एखाद्या नमुन्यावर 'नापास' लिहिण्याआधी एवढं विचारा: नमुना चुकलाय की आपली पट्टी?