सोन्यामागचे हिरवे पाणी

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातले गलाईवाले सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त भारतभर पसरले आहेत. अशाच एका घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु भट्टी आणि तेजाब यांचा परिचय लहानपणापासूनचा. म्हणून या व्यवसायाच्या दाराशी आलेल्या एका नव्या पाहुण्याविषयी, निकेलविषयी, चार शब्द लिहीत आहे.

जुन्या दागिन्यांत सोन्याबरोबर मुख्यतः चांदी व तांबे असते. संगणकाच्या भंगाराचे तसे नाही. तांबे सोन्यात शिरू नये म्हणून दोहोंच्या मध्ये निकेलचा थर दिलेला असतो. सोन्याचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ. निकेलचा त्याच्या कित्येक पट जाड. असे भंगार नायट्रिक आम्लात टाकले की तांबे व निकेल विरघळतात आणि सोन्याचे पापुद्रे सुटे होतात. मागे उरते ते हिरवे-निळे पाणी.

या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकणे ही जुनी रीत. लोखंड विरघळते व त्याच्या बदल्यात तांबे खाली बसते. फसगत होते ती येथेच. निकेल तांब्यासारखे सहजी खाली बसत नाही. त्याचा बराच भाग पाण्यातच राहतो. विरघळलेल्या लोखंडाची छटाही फिकट हिरवी असल्याने तो डोळ्यांना वेगळा दिसत नाही. तांबे निघाले म्हणजे पाणी निर्धोक झाले, असे मुळीच नाही.

यासाठी आणखी एक पायरी हवी. पाणी ढवळत हळूहळू कॉस्टिक सोडा किंवा चुना घालून त्याचा सामू सुमारे १० पर्यंत न्यावा लागतो. मग निकेल गाळ होऊन तळाशी बसते. येथे अमोनिया वापरून चालत नाही. त्याच्याशी जोडले गेलेले निकेल विरघळलेलेच राहते. गाळून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यात डायमिथिल ग्लायॉक्झाइम घातल्यावर गुलाबी-तांबडा साका आला, तर निकेल अजून शिल्लक आहे असे समजावे. नदीनाल्यात सोडण्याच्या सांडपाण्यात निकेलची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्यात ती केवळ ०.०२ मिलिग्रॅम. गाळही उकिरड्यावर टाकता येत नाही, कारण आम्ल लागताच निकेल पुन्हा विरघळते. तो तळोज्यासारख्या अधिकृत घातक कचरा केंद्रातच जायला हवा.

एवढा खटाटोप कशासाठी? निकेलची संयुगे कर्करोगास कारण ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्येच नोंदविले आहे. निकेलमुळे अनेकांच्या कातडीवर पुरळही उठते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार हे काम नोंदणीशिवाय करता येत नाही. गल्लीतल्या बंद खोलीचे हे काम नव्हेच.

सोन्याचा कणही वाया जाऊ नये म्हणून दुकानातली धूळसुद्धा झाडून जपून ठेवणारी आमची माणसे. तीच कसोशी त्यांनी या हिरव्या पाण्यासाठीही दाखवावी, कारण ते ज्या गटारातून वाहते, त्याच्या काठी बहुधा आपल्यासारख्यांचीच घरे असतात.