ग्लिच कला

ग्लिच कला हा अंकीय किंवा विद्युत उपकरणांतील बिघाडांचा सौंदर्यनिर्मितीसाठी वापर करणारा दृश्यकलेचा प्रकार आहे. बिघाडामुळे चित्र अंशतः नष्ट होते व अंशतः ओळखू येते. त्यामुळे कौटुंबिक छायाचित्रे व चित्रफितींच्या आधारे विस्मृती आणि वियोग हे विषय हाताळण्यासाठीही हे माध्यम वापरले जाते.

इतिहास

कोरियन-अमेरिकन कलावंत नाम जून पाईक यांनी १९६५ साली 'मॅग्नेट टीव्ही' या कलाकृतीत दूरचित्रवाणी संचावर चुंबक ठेवून चित्र विकृत केले. ही या कलेची पूर्वपीठिका मानली जाते. इमान मोरादी यांनी २००४ मधील प्रबंधात अपघाताने घडलेला 'शुद्ध ग्लिच' आणि हेतुपुरस्सर घडवलेला 'ग्लिचसदृश' असा भेद केला. डच कलावंत रोझा मेंकमन यांचे 'द ग्लिच मोमेंटम' हे पुस्तक २०११ मध्ये प्रकाशित झाले.

तंत्र

डेटाबेंडिंग: चित्राची फाइल मजकूर किंवा ध्वनी संपादित करणाऱ्या प्रणालीत उघडून तिच्यात बदल केले जातात. फाइलचा आरंभीचा शीर्षभाग मात्र शाबूत ठेवावा लागतो, अन्यथा ती उघडत नाही. जेपेग चित्र ८×८ बिंदूंच्या चौकटींत साठवलेले असते आणि प्रत्येक चौकटीची सरासरी छटा आधीच्या चौकटीशी असलेल्या फरकाने नोंदवली जाते. म्हणून एका ठिकाणच्या चुकीने पुढील बराच भाग सरकतो व त्याचे रंग बदलतात.

डेटामॉशिंग: संक्षेपित चित्रफितीत काही चौकटी पूर्ण असतात, तर उरलेल्यांत मुख्यतः हालचालींची नोंद असते. दोन फितींच्या सांध्यावरील पूर्ण चौकट काढल्यास पहिल्या फितीतील चित्र दुसऱ्या फितीतील हालचालींनुसार हलू लागते.

कुटुंब व वियोग

डेटामॉशिंगने, उदाहरणार्थ, दिवंगत आजीचा चेहरा नातीच्या हालचालींनी हलताना दाखवता येतो. एका पिढीचे रूप व दुसरीची गती अशा प्रकारे एकत्र येतात. डेटाबेंडिंग केलेल्या छायाचित्रात डोळ्यांपर्यंतचा चेहरा स्पष्ट आणि त्याखालील भाग विस्कटलेला असू शकतो. अर्धवट आठवणाऱ्या व्यक्तीशी त्याचे साम्य जाणवते.

कागदावरील छायाचित्र वर्षानुवर्षे हळूहळू फिकट होते. अंकीय फाइल मात्र जशीच्या तशी राहते किंवा अचानक वाचता येईनाशी होते. ग्लिच कला या दोहोंमधील अवस्था दृश्यमान करते.

ध्वनिकलेत याच्याशी निगडित उदाहरण म्हणजे 'द केअरटेकर' या नावाने संगीत करणारे ब्रिटिश संगीतकार जेम्स लेलँड कर्बी यांची 'एव्हरीव्हेअर ॲट द एंड ऑफ टाइम' (२०१६–२०१९) ही सहा टप्प्यांची मालिका. तीत जुन्या नृत्यसंगीताचे ध्वनिमुद्रण क्रमाक्रमाने विघटित करून स्मृतिभ्रंशाची वाटचाल मांडली आहे.

मर्यादा

कलावंत सहसा फाइलच्या प्रतीवर काम करतो आणि मूळ छायाचित्र सुरक्षित राहते. त्यामुळे अशा कलाकृतीतील नाश प्रतीकात्मक असतो. याउलट, नादुरुस्त हार्ड डिस्कमधून परत मिळवलेले छायाचित्र मोरादी यांच्या अर्थाने 'शुद्ध' ग्लिच ठरते, पण त्याची अखंड प्रत कोठेही उरलेली नसते.