गाडी न उचलता मोठे एटी टायर: आधी गणित, मग दुकान

ज्यांना बस-रेल्वेत हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे आकडे भराभर निघून गेले, ते इथे नीट मांडलेत. स्क्रीनशॉट काढून ठेवा, टायरच्या दुकानात कामाला येतील.

विषय आमच्या घरातलाच आहे. माझे काका हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याच्या बाजूला व्हॅन चालवतात. सकाळी शाळेची मुलं, दुपारी बाजारचे पॅसेंजर, आणि रात्री-अपरात्री गावात कुणाला कळा सुरू झाल्या की हिंगोलीच्या दवाखान्यात. डांबरी रस्ता चांगला आहे. अडचण शेवटच्या तीन-चार किलोमीटरची, म्हणजे वस्तीपर्यंतच्या पांदण रस्त्याची. जून लागला की काळी माती आणि गाडी यांची कुस्ती सुरू. काकांनी फोनवर विचारलं, "अरे, मोठाले ऑल-टेरेन टायर टाकले तर गाडी निघंल का नाही चिखलातून? दुकानदार म्हणतो बसतात, गाडी उचलायची गरज नाही."

चार टायर आणि स्टेपनी म्हणजे तीस-चाळीस हजारांचा खेळ. आणि त्या गाडीत रोज दुसऱ्यांची लेकरं बसतात. त्यामुळे "हो, टाका" असं फोनवर सांगून मोकळं होता येत नव्हतं. मी आणि काकांनी मिळून जे तपासलं, ते आता पायरीपायरीने.

पायरी १: साइडवॉल वाचा

काकांच्या टायरवर लिहिलंय २१५/७५ आर १५. यातला २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

आता गणित. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिमीच्या आसपास. ही उंची वरून एकदा आणि खालून एकदा, म्हणून दुप्पट, आणि मध्ये रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. एकूण व्यास आला ७०३.५ मिमी. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एका मिनिटाचं काम आहे.

याच १५ इंची रिमवर लोक जे साइज सुचवतात, ते मांडून बघू:

- २३५/७० आर १५: व्यास ७१० मिमी, वाढ ०.९ टक्के, गाडी उचलली जाते ३ मिमी
- २२५/७५ आर १५: व्यास ७१८.५ मिमी, वाढ २.१ टक्के, गाडी उचलली जाते ७.५ मिमी
- २३५/७५ आर १५: व्यास ७३३.५ मिमी, वाढ ४.३ टक्के, गाडी उचलली जाते १५ मिमी
- ३१ इंची मोठा टायर: व्यास ७८७ मिमी, वाढ जवळपास १२ टक्के, गाडी उचलली जाते ४२ मिमी

शेवटचा आकडा नीट बघा. टायरचा व्यास जितका वाढतो, त्याच्या निम्मीच गाडी वर जाते, कारण उरलेली निम्मी वाढ एक्सलच्या वरच्या बाजूला, चाकाच्या कमानीकडे जाते. म्हणजे २३५/७५ टाकून डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून फक्त १५ मिमी वर सरकतो. एका बोटाच्या जाडीइतका. ट्रॅक्टरने पाडलेल्या फूटभर खोल चाकोरीत एका बोटाने काय फरक पडणार, हे तुम्हीच सांगा.

टायरवाले लोक साधारण एक नियम पाळतात: मूळ व्यासापेक्षा ३ टक्क्यांच्या आत राहा. या हिशेबात पहिले दोन साइज बसतात. तिसरा बाहेर जातो आणि चौथा तर फार लांब.

पायरी २: व्यास बदलला की आणखी काय बदलतं

सॉफ्टवेअरमध्ये एक व्हॅल्यू बदलली की चार ठिकाणी काहीतरी तुटतं, तसंच इथेही आहे. २३५/७५ चं उदाहरण घेऊ.

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टवर असेल, आणि ८० ला ८३ वर. पिवळ्या प्लेटच्या गाडीत ८० चा स्पीड गव्हर्नर असेल, तर तोही ८३ लाच अडवणार.

किलोमीटरसुद्धा कमी मोजले जातात. प्रत्यक्षात १०४ चाललात तर मीटरवर १०० पडतील. म्हणून अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं.

ब्रेकचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. ब्रेक ड्रम तोच, पेडलवर पायाचा जोर तोच, पण चाकाची त्रिज्या वाढली. लांब दांड्याच्या टोकाला धरलेली वस्तू थांबवायला जास्त ताकद लागते, तसंच. त्याच जोरात रस्त्यावर पोहोचणारी ब्रेकची ताकद साधारण ४ टक्क्यांनी घटते. त्यात एटी टायर स्वतःच वजनाला जड. गाडी भरलेली असताना हे पायाला जाणवतं.

इंजिनची ओढसुद्धा तेवढीच कमी होते. चिखलात पहिल्या गिअरमध्ये जी ताकद हवी असते, नेमकी तीच घटते आणि क्लच जास्त घासतो. म्हणजे ज्या कामासाठी टायर मोठा केला, त्याच कामात गिअर उलटा पडतो.

पायरी ३: बसतो म्हणजे नक्की कुठे बसतो?

दुकानात गाडी रिकामी असते, सपाट फरशीवर उभी असते आणि चाकं सरळ असतात. तिथे टायर बसणारच. खरी परीक्षा भरलेल्या गाडीची, खड्ड्यातली आणि स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असतानाची. आम्ही मूळ टायरवरच मोजमाप घेतलं:

१. गाडीत नेहमीच्या पॅसेंजरइतकं वजन ठेवलं. आमच्याकडे हळदीची पोती होती.
२. एक पुढचं चाक जाड लाकडी ओंडक्यावर चढवलं, म्हणजे त्या बाजूचं स्प्रिंग दबलं.
३. स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे पूर्ण वळवलं.
४. चाकाच्या कमानीत, आतल्या पत्र्याजवळ, लीफ स्प्रिंगजवळ आणि ब्रेकच्या रबरी नळीजवळ किती जागा उरते ते मोजलं. हात जात नाही तिथे ओल्या मातीचा गोळा चिकटवला. दबल्यावर जितका जाड उरला तितकी जागा.
५. हेच मागच्या चाकाला केलं. मडफ्लॅप आणि स्लायडिंग दरवाजाची पट्टीसुद्धा बघितली.

त्याच रिमवर २३५ चा टायर टाकला तर तो आत १० मिमी आणि बाहेर १० मिमी जास्त येतो, आणि वर १५ मिमी. एवढं वजा करून किमान १५-२० मिमी जागा उरली पाहिजे, असा माझा हिशेब. कारण चिखल टायरला चिकटून येतो, त्यालाही जागा लागते. काकांच्या गाडीत पुढे डावीकडे पूर्ण वळवल्यावर ब्रेकच्या नळीजवळ एवढी जागा उरत नव्हती. तिसरा साइज तिथेच बाद झाला.

"मग स्पेसर टाकून चाक बाहेर काढू" असं कुणी म्हणेल. नको. चाक बाहेर गेलं की व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंग खेचायला लागतं. पॅसेंजरच्या गाडीत हे खेळ नकोत.

रिमची रुंदीसुद्धा बघा. रिमवर ५.५जे किंवा ६जे असं कोरलेलं असतं. २३५/७५ ला किमान ६ इंच रुंद रिम लागते. साडेपाचच्या रिमवर तो टायर फुगीर बसतो आणि वळणावर डुलतो.

पायरी ४: लोड इंडेक्स, ज्याकडे कुणी बघत नाही

साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, जसं १०० एस. १०० हा लोड इंडेक्स. त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ८०० किलो. १०२ म्हणजे ८५०, १०५ म्हणजे ९२५. एस म्हणजे ताशी १८० पर्यंतचा टायर, क्यू म्हणजे १६०.

नवीन टायरचा लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी असता कामा नये. रुंद दिसतो म्हणून तो जास्त वजन पेलतो असं नाही, आकडा बघूनच घ्या.

तुमच्या मागच्या एक्सलवर नक्की किती वजन येतं? मोंढ्यात जा, वजनकाट्यावर गाडी पूर्ण भरून न्या आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पावती घ्या. १०० इंडेक्सचे दोन टायर म्हणजे १६०० किलो. पावतीवरचा आकडा त्याच्या जवळ जात असेल, तर तुमचा प्रश्न टायरचा नाही, किती माणसं कोंबताय याचा आहे.

इको आणि ओम्नीवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. ओम्नीची रिम १२ इंची, इकोची १३ इंची. या मापात खऱ्या एटी टायरची निवड फारच कमी. तिथे मोठ्या साइजच्या मागे लागण्यापेक्षा कंपनीने सांगितलेल्या साइजचा, लोड रेटिंग पूर्ण असलेला, चांगल्या खोल नक्षीचा टायर जास्त उपयोगाचा.

पायरी ५: काळी माती

आता मूळ प्रश्न. एटी टायरची नक्षी खडी, मुरूम, वाळू आणि कच्च्या रस्त्यासाठी झकास. खडे टोचून टायर फाटण्याचं प्रमाणही कमी. पण आपली काळी माती वेगळी. पाणी शोषून ती फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. नक्षीच्या खाचा चिखलाने भरल्या की एटी टायरसुद्धा गुळगुळीत गोटा होतो. आणि रुंद टायर कधीकधी वरच तरंगतो. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो. बैलगाडीचं चाक आठवा.

शिवाय आपल्या बहुतेक व्हॅनला फक्त मागच्या चाकांची ओढ असते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की ताकद त्या घसरणाऱ्या चाकाकडेच जाते. टायर बदलून हा स्वभाव बदलत नाही.

फसल्यावर जास्त उपयोगी पडते ती हवा. माणसं उतरवा, ओढणाऱ्या चाकांची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, पकड वाढते. मग हळूहळू, स्टिअरिंगला झटके न देता बाहेर या. डांबरीवर येताच दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलेली हवा परत भरा, त्याआधी पॅसेंजर बसवायचे नाहीत. बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा. एका टायरच्या किमतीपेक्षा खूप स्वस्त पडतो. सोबत फावडं आणि दोन जाड फळ्या.

पायरी ६: कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की आरसीमधले तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. पासिंगची गाडी असेल तर एमएच ३८ असो की दुसरी कुठली, फिटनेसच्या वेळी प्रश्न येऊ शकतो, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळीही. सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलला दिलेला साइज.

स्टेपनी विसरू नका. चार मोठे आणि स्टेपनी जुनी, असं झालं तर पंक्चर झाल्यावर मागच्या दोन चाकांचे व्यास वेगळे होतात आणि डिफरन्शियल सतत घासत राहतं. पाचवा टायरही त्याच साइजचा हवा, आणि तो गाडीखालच्या जागेत मावतो का तेही बघा.

मग काकांनी काय ठरवलं?

मूळ साइज, २१५/७५ आर १५, पण एटी नक्षीचा. लोड इंडेक्स मूळइतकाच. पाच टायर, सगळे ताजे. टायरवरच्या गोल चौकटीत चार आकडे असतात: २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला. जुना माल सवलतीत गळ्यात मारत असतील तर तिथे कळतं. स्पीडोमीटर बरोबर, ब्रेक जसेच्या तसे, कागद साफ. डांबरीवर आवाज थोडा वाढेल आणि अ‍ॅव्हरेज किंचित घटेल, ते काकांना मान्य आहे. वाचलेल्या पैशांतून कंप्रेसर आला.

आणि ती शेवटची तीन-चार किलोमीटर? त्याचं खरं उत्तर टायरमध्ये नाही, मुरमात आहे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, आणि काकांनी वस्तीच्या रस्त्याचा विषय ग्रामसभेत मांडायचं ठरवलंय. कारण कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन रात्री दोन वाजता निघाल्यावर, गाडीखाली घट्ट रस्ता असणं हे टायरवरच्या कुठल्याही नक्षीपेक्षा मोठं आहे.

तुमच्या टायरवर काय साइज लिहिलाय आणि दुकानदाराने काय सुचवलंय, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊन असंच गणित मांडू. तोवर हवा तपासत राहा, नक्षी १.६ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. भेटूया!