सह्याद्री वाचताना – ६ : तांबड्या पट्ट्यातला काळ

लाव्हा थंड होताना बेसाल्टला उभ्या भेगा कशा पडतात, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिले. आता प्रत्यक्ष कड्यासमोर उभे राहू. त्यासाठी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटासारखी दुसरी जागा नाही. चाळीसेक किलोमीटरच्या या रस्त्यावर आपण तेराशे मीटरच्या आसपास चढतो आणि लाव्हाचे थर एकावर एक पायऱ्यापायऱ्यांनी समोर येत जातात. सर्वांत जुना तळाशी, सर्वांत नवा माथ्यावर. १९८५ साली कॉक्स आणि हॉक्सवर्थ या शास्त्रज्ञांनी महाबळेश्वर परिसरातल्या थरांची रासायनिक मांडणी प्रसिद्ध केली. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही आपली गावाघाटांची नावे आज जगभरच्या शोधनिबंधांत लाव्हाच्या थरांची नावे म्हणून वापरली जातात. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण ही नावे कळली म्हणून कडा वाचता येतो असे नाही. तिथे जाणकाराची सोबत लागते. आमच्या गटाबरोबर भूशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी हातोड्या पिशवीतच ठेवायला लावल्या. रस्त्याच्या रुंद जागी, कड्यापासून लांब उभे राहून आधी वहीत चित्र काढायचे, मगच जवळ जायचे, हा त्यांचा शिरस्ता. चित्र काढताना डोळा आपोआप थांबतो. काळ्या दिसणाऱ्या भिंतीत फरक दिसू लागतात. लाव्हाच्या एका थराच्या मध्यभागी घट्ट, गुळगुळीत कातळ असतो. वरच्या भागात मात्र बारीक भोकेच भोके. वितळलेल्या खडकातला वायू वर चढत गेला आणि पृष्ठभाग गोठल्यामुळे तिथेच अडकला, त्याच्या या खुणा. पुढे पाणी झिरपून त्या भोकांत झिओलाइट आणि गारगोटीचे पांढरे दाणे भरले. भोकाळ भाग संपून पुन्हा घट्ट कातळ सुरू झाला, की वरचा नवा थर आला असे समजायचे.

मग बाईंनी विचारले, "या भिंतीत सगळ्यात जास्त काळ कुठे आहे, सांगा पाहू."

आम्ही जाडजूड काळ्या कातळाकडे बोट दाखवले. बाईंनी हात ठेवला तो दोन थरांच्या मधल्या, वीतभर रुंदीच्या विटकरी पट्ट्यावर.

घाटातून जाताना हा पट्टा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो आणि माती समजून सोडून दिलेला असतो. लाव्हाचा एक थर पसरून थिजायला भूशास्त्राच्या हिशेबाने फारच थोडा काळ लागतो. त्यानंतर उद्रेक थांबला की तो थर उघडा पडतो, ऊन-पाऊस खातो, त्याची माती होते, कधी त्यावर दूरची ज्वालामुखीची राख येऊन पडते. यात शेकडो, हजारो वर्षे जातात. मग पुढचा लाव्हा त्या मातीवरून वाहतो आणि तिला भाजून काढतो. लोखंडाचे ऑक्साइड असल्यामुळे ती तांबडी दिसते. सह्याद्रीचा बहुतेक काळ असा या पातळ पट्ट्यांत साठला आहे. पुस्तकातल्या आकृतीवरून हे मला कधी इतके पटले नव्हते.

संशोधकांनाही या पट्ट्यांनीच हात दिला. बेसाल्टमध्ये झिरकॉनचे स्फटिक जवळजवळ मिळत नाहीत. पण तांबड्या पट्ट्यांतल्या राखेत ते सापडतात, आणि त्यांच्यातल्या युरेनियमचे शिसे किती झाले यावरून वय काढता येते. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने २०१५ आणि २०१९ मध्ये असे वय प्रसिद्ध केले. दख्खनच्या लाव्हाचा मोठा हिस्सा ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, दहा लाख वर्षांहून कमी काळात बाहेर पडला, असे त्यातून दिसते. डायनोसॉर नाहीसे झाले ते याच सुमारास. उल्कापाताचा वाटा किती आणि या लाव्हाचा किती, हा वाद अजून चालू आहे.

तांबडा पट्टा आजही काम करतो. तो चिकणमातीचा असल्याने वरच्या भेगांतून झिरपलेले पाणी त्याच्यावर अडते आणि बाजूने झऱ्यासारखे बाहेर येते. पावसाळा संपल्यावर घाटात ओल कुठल्या रेषेवर टिकली आहे ते बघा. पुष्कळदा तिच्याखाली हा पट्टा असतो. माथ्यावर पोचलात की पाचगणीच्या टेबललँडचा जांभाही याच दृष्टीने पाहावा. तोही बेसाल्ट दीर्घकाळ झिजून, कुजून तयार झालेला आहे. पाचगणी-महाबळेश्वरचे हे लाव्हाथर सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आले, ही फार चांगली गोष्ट झाली.

हे सगळे वाहनाच्या खिडकीतून दिसत नाही. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात चौकशी करा, त्यांच्या अभ्याससहलीत सामील होता येते का विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. जुलै २०२१ च्या पावसात दरडी कोसळून हा घाट बंद पडला होता, तेव्हा पावसाळ्यात तिथे कड्याखाली उभे राहू नका. आणि झिओलाइटसाठी कडा फोडू नका. खाली पडलेले तुकडे भिंगाखाली पाहायला पुरेसे असतात.