सिस्टर रेस्टिट्यूटा : नाझी राजवटीतील एका धर्मभगिनीचे हौतात्म्य

धर्मछळ म्हटला की सामान्यतः रोमन सम्राटांचा काळ डोळ्यांसमोर येतो. विसाव्या शतकातील धर्मछळाला मात्र आखाडा व सिंह लागले नाहीत. परिपत्रके, खटले आणि दयेच्या अर्जांवरील शेरे पुरेसे ठरले. व्हिएन्ना येथे ३० मार्च १९४३ रोजी शिरच्छेद झालेल्या सिस्टर मारिया रेस्टिट्यूटा यांचे जीवन या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

त्यांचे मूळ नाव हेलेन काफ्का. जन्म १ मे १८९४ रोजी, आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरानजीक. बालपण व्हिएन्नात गेले. १९१४ मध्ये त्या फ्रान्सिस्कन परंपरेतील भगिनीसंघात दाखल झाल्या आणि १९१९ पासून मोडलिंग येथील रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून कार्यरत होत्या. कामात निष्णात, बोलण्यात सडेतोड अशा या परिचारिकेला नावावर कोटी करून ‘रेझोल्यूटा’ म्हणजे निश्चयी म्हणत असत. संतचरित्रांतून सहसा भेटणारी मृदुभाषी मूर्ती ही नव्हे.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर सार्वजनिक जीवनातून धर्मचिन्हे हटविण्यास प्रारंभ झाला. रेस्टिट्यूटा यांनी रुग्णालयाच्या नव्या विभागातील खोल्यांत क्रूस लावले व ते काढण्यास नकार दिला. पुढे राजवटीची निंदा करणाऱ्या एका सैनिकगीताची नक्कल त्यांनी टंकलिखित करवून घेतली. एका शल्यचिकित्सकाने ही वार्ता गुप्त पोलिसांना कळविली. १८ फेब्रुवारी १९४२ रोजी, राखेच्या बुधवारी, त्यांना अटक झाली आणि २९ ऑक्टोबर रोजी देहदंड ठोठावण्यात आला.

येथेच अभ्यासकापुढे खरा प्रश्न उभा राहतो. आरोप शत्रूला साह्य व राजद्रोहाची पूर्वतयारी असा होता; निकालपत्रात श्रद्धेला शिक्षा नव्हती. कॅथॉलिक धर्मसभेच्या निकषानुसार तर हौतात्म्यासाठी मारणाऱ्याच्या ठायी श्रद्धेविषयी द्वेष असावा लागतो. मग हे हौतात्म्य राजकीय की धार्मिक? जी राजवट भिंतीवरील क्रूसदेखील अवज्ञा मानते, तिच्यापुरता हा भेद उरत नाही, असे उत्तर देता येते व ते पटण्याजोगे आहे. दयेचा अर्ज फेटाळताना मार्टिन बोरमान यांनी इतरांना जरब बसण्याची आवश्यकता पुढे केली होती. जरब कोणाला बसवायची होती, हे वेगळे सांगावयास नको.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जून १९९८ रोजी त्यांना धन्यवादित घोषित केले. तो सोहळा व्हिएन्नातील ज्या हेल्डेनप्लाट्झ चौकात झाला, तेथेच मार्च १९३८ मध्ये हिटलरचे जंगी स्वागत झाले होते. रेस्टिट्यूटा यांचा देह मात्र मठाच्या हवाली करण्यात आला नाही. तो व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत, देहान्त शासन झालेल्या इतरांसमवेत पुरण्यात आला.