जस्त, मँगनीज आणि साठवलेली वीज

आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालतो तो सेल. संपलेला सेल फोडून पाहिलेले श्रोते येथे पुष्कळ असतील. बाहेरचे करडे भांडे जस्ताचे, आतली काळी भुकटी मुख्यतः मँगनीज डायऑक्साइडची, मधोमध कार्बनची कांडी. लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने 1866 मध्ये ही जोडी जुळवली. सौर वीज साठवण्यासाठी ज्या नव्या बॅटऱ्यांवर काम चालू आहे, त्यांतल्या एका प्रमुख प्रकारात हीच जोडी आहे. फक्त ती पुन्हा पुन्हा भरता आली पाहिजे.

सारी अडचण त्या भरण्यात आहे. वीज देताना जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो व द्रवात विरघळतो. भरताना तो पत्र्यावर परत बसायला हवा. बसतो, पण सारखा पसरत नाही; जिथे उंचवटा तिथेच अधिक साचतो आणि सुईसारखे अंकुर वाढतात. सुई मधला पडदा भेदून पलीकडे टेकली, की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. शिवाय पाण्यातून हायड्रोजन सुटतो, पत्रा गंजतो, मँगनीजही थोडेथोडे द्रवात उतरते.

एवढे सोसायचे कशासाठी? लिथियमच्या सेलमधला द्रव सहसा पेट घेणारा असतो. येथे पाणी आहे. त्यात पुष्कळदा झिंक सल्फेट असते, जे आपण पिकाला देतो. वजनाच्या मानाने वीज कमी मावते, म्हणून मोटारीला ही बॅटरी सोयीची नाही. पण सौर पॅनेलजवळ ठेवलेल्या पेटीला कुठे पळायचे आहे?

इन्व्हर्टरची शिशाची बॅटरीही वितळवून परत वापरतात, हे खरे. मात्र ते काम उघड्या भट्टीवर झाले, की शिसे आसपासच्या मुलांच्या रक्तात जाते आणि मेंदूला बाधते. जस्त सुमारे 420 अंश सेल्सियसला वितळते, पुन्हा वापरता येते, आणि शिशाइतके घातक नाही.

कच्चा मालही जवळचा. आपल्या आदिलाबादच्या ज्या चुनखडकांना भूशास्त्रज्ञ पैनगंगेचे नाव देतात, त्यांत मँगनीजचे थर आहेत. नागपूरची ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे सेलसाठी लागणारे मँगनीज डायऑक्साइड बनवते. जस्त राजस्थानचे, तिथल्या जावरच्या जुन्या भट्ट्या कित्येक शतकांच्या आहेत. 2024 मध्ये ‘हिंदुस्तान झिंक’ने बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राशी जस्ताच्या बॅटऱ्यांसाठी करार केला.

उद्या कोणी अशी बॅटरी विकायला दारी आले, तर ती किती वेळा पूर्ण रिकामी करून भरता येते, एवढे लेखी मागून घ्यावे.